आमची मिलिटरीची गाडी
(शतकमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



विणेकरी, टाळकरी, तुळशीवाल्या मायबहिणी यांच्याविषयी आज पुष्कळ बोलून झालं. आमच्या वाट्याला गाडी आली. आम्ही गाडीवाले. भजनाला कायम उशिरा पोहोचणारे, हाताला डिझेलचा वास असणारे. तेव्हा बोलण्यात काही उणं पडलं तर सांभाळून घ्या.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी भाड्याचा ट्रक असायचा. ऐन ज्येष्ठात मालक भाडं वाढवायचा, नाहीतर गाडीच दुसरीकडे लावायचा. मग नव्वदीच्या सुरुवातीला देवनार गावातल्या मंडळींनी वर्गणी काढली आणि कुर्ल्याच्या एका व्यापाऱ्याकडून लष्कराच्या लिलावातून आलेली शक्तिमान घेतली. ही गाडी जबलपूरला बनायची. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानं १९५९ च्या सुमारास तिथं काम सुरू झालं. लष्करात हिला तीन टनी म्हणत. चारी चाकांना ओढ, पुढचा एक्सल हवा तेव्हा जोडायचा.

गाडी दारात आली तेव्हा आमचे म्हातारे विणेकरी तोंड फिरवून उभे राहिले. लढाईची गाडी दिंडीत कशाला, असं त्यांचं म्हणणं. मग स्वतःच जवळ गेले, बंपरवर हात ठेवला आणि म्हणाले, "हिनं आजवर काय काय वाहिलं असंल. आता वळकट्या वाहू द्या."

कागदांची कथा वेगळीच. बाण असलेला लष्करी नंबर रस्त्यावर चालत नाही, नवी नोंदणी लागते, आणि त्यासाठी लष्कराकडचा मूळ विक्रीचा दाखला हवा. तो मिळवायला व्यापाऱ्याकडे किती खेटे घातले ते विचारू नका. रंगही बदलावा लागला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तो हिरवा रंग लष्कराशिवाय कुणाला लावता येत नाही. आम्ही भगवा लावला. दोन पावसाळ्यांत खालचा हिरवा डोकावू लागला, तो भाग वेगळा.

चालवायला ती सोपी नव्हती. स्टेअरिंग जड, गिअर टाकताना दोनदा क्लच दाबायचा. लीटरला तीन-साडेतीन किलोमीटर, बस्स. मानखुर्दवरून खाडीपूल, पनवेल, खोपोली करत बोरघाट चढायचो तेव्हा मागची वाहनं हॉर्न देऊन दमायची. दिवे घाटात तर पालखीच्या दिवशी थांबायची सोयच नाही, म्हणून आम्ही पहाटेच सासवड गाठायचो. वारकरी पोहोचेपर्यंत तंबू उभे आणि चूल पेटलेली पाहिजे, हे आमचं भजन.

तिची खरी किंमत कळली माळशिरसला. त्या पट्ट्यात पाऊस तसा कमी, पण पडला की काळी माती चाकं सोडत नाही. एका वर्षी रात्रभर पडला. सकाळी शेतातल्या मुक्कामावर सगळ्या दिंड्यांचे ट्रक रुतलेले. आम्ही पुढचा एक्सल जोडला, वायररोप लावला आणि टोचन करून एकेक ट्रक डांबरी रस्त्यावर आणला. अकरा ट्रक काढले. लोक आमच्या गाडीला हळदकुंकू लावत होते. आम्हाला चढलं, हे खरं.

त्या चढलेल्या डोक्यानंच पुढची चूक झाली. उशीर झाला होता. चिखलानं पाय सोललेल्या सात बायका थांबल्या होत्या. त्यांना वळकट्यांवर बसवलं. मालाच्या गाडीत माणसं बसवायची नाहीत हे आम्हाला ठाऊक होतं. वेळापूरच्या अलीकडे खड्ड्यात गाडी आदळली, फाळक्याची साखळी निसटली आणि आमच्या गल्लीतल्या एक मावशी खाली पडल्या. खुबा मोडला. अकलूजला नेलं. पंढरपूर तीन दिवसांवर असताना त्यांची वारी तिथं थांबली. रस्त्याचा दोष, साखळीचा दोष असं तेव्हा आम्ही बोलत होतो. दोष आमचा होता. साखळी सकाळी बघायची असते. त्या सकाळी आम्ही कौतुक करून घेत होतो.

त्यांच्या घरी जायला आम्हाला दोन महिने लागले. मावशी काठीवर होत्या. रागावल्या नाहीत, चहा दिला. पुढच्या ज्येष्ठात निरोप आला, "मला चालवत नाही. माझी वळकटी तरी न्याल का?" नेली. प्रत्येक मुक्कामावर सगळ्यांत आधी उतरवली, तंबूत एक जागा धरून अंथरली. पंढरपुरात चंद्रभागेचं पाणी शिंपडलं आणि परत आणून दिली. सहा वर्षं असं चाललं.

त्यानंतर गाडीत एकही माणूस बसवला नाही. आजारी असला तर दुसरी गाडी बघायची. शिव्या खाल्ल्या त्यापायी, खातो अजून.

शक्तिमान बनणं नव्वदच्या दशकातच थांबलं. पाटे, ब्रेकचं सामान जुन्या गाड्या तोडून आणावं लागे. दरवर्षीचं फिटनेस जड जाऊ लागलं. शेवटी समितीनं विकायचं ठरवलं. घेणारा वजनावर घेऊन गेला, आम्ही काटा बघायला गेलो नाही.

फाळका तेवढा काढून ठेवला. मंदिरामागं भिंतीला टेकवलेला आहे, साखळीसकट. आताच्या ट्रकवर जाणारी पोरं निघायच्या आदल्या रात्री तिथं जमतात, मग आपल्या गाडीच्या साखळ्या ओढून बघतात. यंदा अजून कुणी बघितलेल्या नाहीत. भाषण संपलं की दोघंतिघं आमच्यासोबत चला.