मनाच्या जखमा आणि समाजाचे कर्तव्य



हक्कांसाठी लढणारा समाज जमीन, शिक्षण व नोकरी यांचा हिशेब मांडतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या अपमानाने मनावर कोणते घाव घातले, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तसा एक प्रयत्न झाला. त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याला लागूनच न्यूयॉर्कमधील हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान नेते डॉ. डू बॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या स्थितीतील साम्य दाखविले. त्याच वर्षी हार्लेममधील सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक हा मानसोपचार दवाखाना उघडला. डॉक्टर फ्रेडरिक वेर्थम, कादंबरीकार रिचर्ड राइट व तेथील धर्मगुरू शेल्टन बिशप हे त्याचे प्रवर्तक होत. फी अवघी २५ सेंट; ज्याच्यापाशी तीही नसे, त्याला उपचार मोफत. डॉक्टर विनावेतन काम करीत.

या दवाखान्याने रोग्याच्या वंशाला दोष दिला नाही. घर, काम, शाळा व रोजचा अपमान यांचा रोग्याच्या दुःखाशी काय संबंध आहे, हे त्याने तपासले. डेलावेअर राज्यातील मुलांची तेथे तपासणी झाली आणि वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनाला इजा होते, अशी साक्ष वेर्थम यांनी १९५१ साली न्यायालयात दिली. तो खटला पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या ऐतिहासिक निर्णयात समाविष्ट झाला व शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. उपचार आणि हक्कांचा लढा एकाच तळघरात नांदले, ते असे.

ते काम आजही संपलेले नाही. २०२२-२३ साली इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांना कायद्याने सक्तीने उपचारासाठी डांबण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक होते. ज्याला आपल्या वस्तीत, आपल्या माणसांत, मानाने मदत मिळत नाही, त्याच्या वाट्याला अखेर सक्ती येते.

यातून आपण काय घ्यावे? तथागतांनी धम्मात मनाला अग्रस्थान दिले आहे. धम्मदीक्षेबरोबर आपण गंडे-दोरे व अंगारे सोडले. मग घरातील कोणाचे मन आजारी पडले, तर त्याला पुन्हा भगताच्या दारी कशासाठी न्यावयाचे? त्याला 'वेडा' म्हणून कोंडून ठेवणे म्हणजे आपल्याच घरात नवी अस्पृश्यता निर्माण करणे होय. २०१७ च्या कायद्याने जातिधर्माचा भेद न करता मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. तो हक्क बजावण्यासाठी विहारातील चार जाणत्यांनी रोग्याचे म्हणणे शांतपणे ऐकावे, त्याच्यासोबत सरकारी इस्पितळात जावे, आणि तो बरा होऊन परतल्यावर त्याला पंगतीत व कामात पूर्वीचीच जागा द्यावी. एका चर्चच्या तळघरात जे घडले, ते आपल्या विहारात का घडू नये?

जय भीम!