तारेंतून वीज, हवेंतून संदेश



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो एका निवृत्त शिक्षकाच्या तोंडीं नवलाचा वाटेल. परंतु पनवेल येथील आमच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत घडलेल्या प्रसंगामुळें तो शिकणें मला भाग पडलें.

आमची नात गच्चीवरील खोलींत अभ्यासाला बसते. खालच्या राउटरचें वाय-फाय तेथपर्यंत पोहोंचेना. म्हणून वर एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे बिनतारी संदेश पुरविणारें यंत्र, बसविण्याचें ठरलें. पण त्या जागीं विजेचा प्लग नव्हता. ओल्या गच्चीवरून २३० व्होल्टांची एक्स्टेन्शन वायर न्यावी, असा सल्ला मिळाला. कोंकणच्या पावसांत असें करणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

तेव्हां कळलें कीं, जी इथरनेट केबल संदेश नेते, तीच वीजहि नेऊं शकते. यांत अद्भुत कांहीं नाहीं. जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधील ४८ व्होल्टांच्या बॅटरीची वीज बोलण्याच्याच दोन तारांतून मिळे; म्हणून घरांतले दिवे गेले तरी टेलिफोन चाले.

केबलमध्यें वीज सोडणाऱ्या लहान पेटीला इन्जेक्टर म्हणतात. मीं घाईनें एक स्वस्त इन्जेक्टर आणला. तो पलीकडे काय आहे याची विचारपूस न करतां २४ व्होल्ट सतत सोडणारा होता. एके दिवशीं त्या केबलचें टोंक माझ्या हातून चुकून संगणकांत खोंचलें गेलें आणि तें पोर्ट कायमचें निकामी झालें. दोष पेटीवरील अक्षरें न वाचणाऱ्या माझा!

खरी मेख येथेंच आहे. आय-ट्रिपल-ई या संस्थेनें २००३ सालीं '८०२.३ एएफ' हें प्रमाण ठरविलें. त्याप्रमाणें बनविलेला इन्जेक्टर आधीं १० व्होल्टांपर्यंतच्या अल्प दाबानें तार चांचपतो. पलीकडे सुमारें २५ हजार ओहमांचा ठराविक रोध आढळला, तरच ४८ व्होल्टांच्या आसपास वीज सोडतो. टोंक काढलें कीं ती बंद करतो. सत्पात्रीं दान म्हणतात तें हेंच!

या प्रमाणांत उगमापाशीं १५.४ वॅट असतात. तारेंत कांहीं खर्च होऊन यंत्राला १२.९५ वॅट मिळतात. २००९ च्या 'एटी' प्रमाणांत हेच आंकडे ३० व २५.५ आहेत. तेव्हां यंत्राची गरज व प्रमाण पाहूनच इन्जेक्टर घ्यावा.

गृहस्थांनीं आणखी कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. केबल शुद्ध तांब्याची असावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार अधिक तापते. तिची लांबी १०० मीटरांपलीकडे नेऊं नये, आणि घरांतील विजेच्या तारांबरोबर ती एकाच नळींतून ओढूं नये. इन्जेक्टर कोरड्या जागीं ठेवावा. उघड्यावरील केबलला सर्ज प्रोटेक्टर लावून त्याचें अर्थिंग जाणकाराकडून करवून घ्यावें. दोन इमारती जोडावयाच्या असतील तर तांब्याऐवजीं धातुविरहित फायबर वापरावी. तिच्यांतून विजेचा लोळ घरांत शिरत नाहीं.

आतां आमचा राउटर व इन्जेक्टर खालीं एकाच यूपीएसवर आहेत. वीज गेली तरी नातीचा अभ्यास थांबत नाहीं. आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असें मी वर्गांत मुलांना सांगत असें. तो धडा उतारवयांत मलाच गिरवावा लागला.