ऐकणंही शिकावं लागतं



आज बोलायचंय समुपदेशनाबद्दल. पण आधी माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते.

आमच्या बचत गटात एक बाई होती. तिचं नाव सांगणार नाही. का, ते पुढं येईलच. तिनं हप्ता कधी चुकवला नाही, बैठकीला पहिली हजर. मग एकदा लागोपाठ दोन बैठकांना आलीच नाही. तिसऱ्या बैठकीला आली आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिली. बैठक संपल्यावर मी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "ताई, रात्री झोप लागत नाही. डोक्यात नुसते विचार. भाकरी थापता थापता हात तिथंच थांबतो."

मी काय म्हणाले असेन? तुम्ही ओळखलंच असेल. "अगं, जास्त विचार करू नकोस. पोरांकडं बघ. घरोघरी मातीच्या चुली. देवाचं नाव घे." माझी एसटी निघायची होती. मी उठले. ती "हो ताई" म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी मनातलं कधीच बोलली नाही. नशिबानं गावातल्या आशाताईंनी तिला दवाखान्यात नेलं. आज ती बरी आहे. पण त्यात माझा वाटा काहीच नाही.

पुढं मी समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं. तिथं पहिल्याच दिवशी कळलं की त्या पाच मिनिटांत मी चार चुका केल्या होत्या. तिचं पुरतं ऐकलं नाही. तिचं दुःख दुसऱ्यांच्या दुःखाशी तोललं. न विचारता उपाय सांगितला. आणि घाई केली.

आपल्याला वाटतं, बायकांना बोलायला काय शिकवायचं? आपण जन्मभर एकमेकींची सुखदुःखं ऐकत आलो. खरं आहे. पण ऐकणं आणि मदत होईल असं ऐकणं यात फरक आहे, आणि तो शिकता येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत यावर जगभर अभ्यास झाले. त्यातले काही थेट आपल्यासारख्या बायकांवर झाले, म्हणून आज ते सांगायचे आहेत.

पहिली गोष्ट आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशाची. तिथं डिक्सन चिबांडा नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीनं जीव दिला. तिला दवाखान्यात आणायचं होतं, पण घरच्यांकडं बसभाड्याचे पैसे नव्हते. चिबांडांच्या लक्षात आलं की लोक दवाखान्यापर्यंत पोचत नसतील, तर मदत वस्तीपर्यंत गेली पाहिजे. पण डॉक्टर होते मोजकेच. मग 2006 मध्ये हरारे शहरातल्या एका गरीब वस्तीत त्यांनी चौदा आज्यांना बरोबर घेतलं. या आज्या आधीपासून आरोग्याचं काम करत होत्या. दवाखान्याच्या आवारात एक लाकडी बाक ठेवलं. आजी त्या बाकावर बसणार, मन खचलेला माणूस शेजारी बसणार. त्याला त्यांनी मैत्रीचं बाक म्हटलं.

आता गंमत ऐका. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला शब्द आहे 'कुफुंगिसिसा'. म्हणजे खूप विचार करणं. आपल्या बाया काय म्हणतात? "ताई, लई विचार येतात." सात समुद्रापलीकडं तेच दुखणं, तेच शब्द! 'डिप्रेशन' म्हटलं तर कुणी बाई हात वर करणार नाही. "विचार फार येतात का?" असं विचारलं तर ती बोलू लागते.

आज्या काय करायच्या? आधी पूर्ण ऐकायच्या. त्याला त्यांच्या भाषेत मन उघडणं म्हणतात. मग समोरच्या बाईकडूनच तिच्या अडचणींची यादी करून घ्यायच्या. त्यातली एकच अडचण निवडायची, आणि तीही तिनंच. मग आजी विचारायची, "यावर तुला काय काय करता येईल?" उत्तर बाई शोधणार, आजी सोबत करणार. अशा सहा भेटी. त्यानंतर त्या बायांचे गट व्हायचे. गटात त्या बोलायच्या आणि टाकाऊ प्लास्टिकपासून पिशव्या विणायच्या, म्हणजे चार पैसेही मिळायचे. आपल्या बचत गटाचीच सख्खी बहीण म्हणा ना.

हे खरंच उपयोगी पडलं का? ते तपासायला हरारेतल्या 24 दवाखान्यांत 573 जणांचा अभ्यास केला. निम्म्या दवाखान्यांत बाक, निम्म्यांत नेहमीचीच सेवा, थोडी सुधारलेली. 2016 मध्ये त्याचा निकाल छापून आला. सहा महिन्यांनी नेहमीची सेवा मिळालेल्या शंभरांतल्या जवळजवळ 50 जणांत उदासीनतेची लक्षणं होती. आज्यांकडं गेलेल्यांत ती शंभरात साधारण 14 जणांतच राहिली होती.

तुम्ही म्हणाल, ते परदेशात झालं. मग शेजारच्या गोव्यात चला. तिथं डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेनं हेच काम केलं. समुपदेशक कोण होते? गावातलेच लोक. अट एवढीच, की किमान दहावीपर्यंत शिक्षण हवं. मानसोपचाराची पदवी कुणाकडंच नव्हती. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र उदासीनता असलेल्या जवळपास पाचशे रुग्णांना दोन गटांत विभागलं. एका गटाला डॉक्टरांची सेवा, दुसऱ्याला तीच सेवा आणि वर सहा ते आठ भेटींचं समुपदेशन. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांपैकी शंभरात 64 जण या आजारातून बाहेर आले होते. नुसती डॉक्टरी सेवा मिळालेल्यांत ते 39 होते. वर्षानंतरही हा फायदा टिकून होता.

या भेटींत करायचे काय? विचार साधा होता. मन लागत नाही म्हणून बाई काम सोडते, माणसांत जाणं सोडते. ते सुटलं की मन आणखी खचतं. रहाटासारखं ते फिरतच राहतं. मग समुपदेशक तिच्याबरोबर बसून अगदी छोटी कामं ठरवायचा. संध्याकाळी दहा मिनिटं शेजारणीकडं जाणं, सुटलेलं शिवण पुन्हा हातात घेणं, असं काहीतरी तिच्या आवडीचं. पुढच्या भेटीत विचारायचं, जमलं का? नाही जमलं तर रागवायचं नाही. काय आडवं आलं ते दोघांनी मिळून पाहायचं.

आता माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट. या लोकांना तयार कसं केलं? वर्गातलं प्रशिक्षण तीनच आठवडे होतं. पण त्यानंतर सहा महिने खऱ्या माणसांबरोबर उमेदवारी होती. आणि दर आठवड्याला सगळे एकत्र बसायचे. रुग्णाच्या परवानगीनं भेटीचं रेकॉर्डिंग केलेलं असायचं. ते लावायचं, सगळ्यांनी ऐकायचं, आणि ठरलेल्या मुद्द्यांवर एकमेकांना गुण द्यायचे. कुठं मध्येच तोडलं? कुठं प्रश्न छान विचारला? सुरुवातीला तज्ज्ञ बरोबर असायचे, पुढं हे लोकच एकमेकांचे मास्तर झाले. त्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, हेही तपासून पाहिलं.

नुसत्या अनुभवानं माणूस शहाणा होतो असं आपण धरून चालतो. अमेरिकेत 2016 मध्ये याचाच अभ्यास झाला. तिथल्या 170 शिकलेल्या मानसोपचारकांचं आणि त्यांच्या साडेसहा हजारांवर रुग्णांचं काम तपासलं. सरासरी पाहता, वर्षं वाढली म्हणून रुग्णांना जास्त गुण आला असं दिसलं नाही. उलट किंचित घट दिसली. काही जण मात्र सुधारत गेले. याचा अर्थ मी असा घेते: वीस वर्षं स्वयंपाक केला, पण मीठ जास्त झालंय हे कुणी सांगितलंच नाही, तर हात सुधारणार कसा? आपलं काम दुसऱ्यानं ऐकून सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट परीक्षेची. समुपदेशक तयार झाला हे ओळखायचं कसं? लेखी पेपर घेऊन? नेपाळमध्ये संशोधकांनी वेगळी परीक्षा तयार केली. एक जण दुःखी माणसाचं सोंग घेतो, शिकाऊ समुपदेशक त्याच्याशी बोलतो, आणि परीक्षक बघतो. तो समोरच्याकडं बघून ऐकतो का, भावना ओळखतो का, जिवाला धोका आहे का हे विचारतो का? आणि मुख्य म्हणजे, त्याच्या बोलण्यानं इजा तर होत नाही ना? दोष देणं, खोटी आशा दाखवणं, गुपित फोडणं याची वेगळी नोंद होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी पुढं हीच पद्धत अनेक देशांतल्या प्रशिक्षणासाठी घेतली. मला त्या परीक्षेला बसवलं असतं, तर त्या दिवशीच्या बोलण्यावर मी नापास झाले असते.

आपल्या महाराष्ट्रातही हे झालंय. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी दीड वर्ष काम केलं. आधी उदासीनता असलेल्या शंभरांतल्या जेमतेम 4 जणांनी मदत घेतली होती. नंतर तो आकडा 27 वर गेला. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचं काम झालं, तिथंही गावातलेच स्वयंसेवक ऐकायचे आणि सरकारी योजनेचे कागद करायलाही मदत करायचे. कारण विधवेचं निवृत्तिवेतन अडलेलं असेल, तर नुसत्या बोलण्यानं तिचं मन किती हलकं होणार?

मग आपण आपल्या गटात काय करायचं? आपण लगेच समुपदेशक होणार नाही, तसा फलकही लावायचा नाही. पण चांगल्या ऐकणाऱ्या होऊ शकतो. पाच गोष्टी सांगते.

पहिली: बैठकीत सगळ्यांसमोर विचारू नका. बाजूला बसा. वेळ नसेल तर सरळ सांगा, "आज घाई आहे, उद्या दुपारी येते." आणि खरंच जा.

दुसरी: ती बोलत असताना आपली गोष्ट सुरू करू नका. रडली तर "रडू नकोस" म्हणू नका. रडू द्या.

तिसरी: उपाय सांगायच्या आधी विचारा, "तुला काय वाटतं? आत्तापर्यंत काय करून पाहिलंस?" घरात मारहाण होत असेल तर "थोडं सांभाळून घे" हे कधीही म्हणायचं नाही. तिला 181 ही महिला हेल्पलाइन सांगा, लगेच धोका असेल तर 112.

चौथी: तिचं बोलणं तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. गावात भिंतीलाही कान असतात. म्हणून तर मी नाव सांगितलं नाही. आणि तिच्याकडं कर्जाचा हप्ता थकला असेल, तर गटाच्या अध्यक्षांनी किंवा सचिवांनी ऐकायला बसू नये. दुसऱ्या मैत्रिणीला बसू द्या. हप्ता मागणाऱ्या तोंडाशी मन उघडत नाही.

पाचवी, आणि ही नीट ऐका. "जगून काय करू" असं कुणी म्हणालं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात येतो, अशी भीती वाटते. अभ्यासात तसं आढळलेलं नाही. उलट विचारल्यानं तिला हायसं वाटतं. ती "हो" म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध तिच्या हाताशी राहू देऊ नका. इथं गुपित पाळायचं नसतं. तिच्या विश्वासातल्या माणसाला सांगा आणि तिला दवाखान्यात न्या. 14416 हा 'टेलिमानस'चा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. आत्ताच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. एक, चार, चार, एक, सहा.

तशीच जी बाई महिनाभर झोपली नाही, जिला कानात आवाज ऐकू येतात, जी बाळंतपणानंतर बाळाकडं बघतच नाही, तिला आपलं ऐकणं पुरणार नाही. आरोग्य केंद्रात घेऊन जाणं हेच तिथं आपलं काम.

शेवटी एक करून बघा. पुढच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं काढा. तिघींनी बसायचं. एकीनं एखादी बनवलेली अडचण सांगायची, दुसरीनं ऐकायचं, तिसरीनं फक्त बघायचं. पाच मिनिटांनी तिसरीनं सांगायचं, ऐकणारीनं किती वेळा मध्ये तोडलं ते. हसू येईल, पण डोळे उघडतील. पहिल्यांदा आम्ही हे केलं, तेव्हा मी सात वेळा तोडलं होतं. आता दोनदा-तीनदा होतं. अजून शिकतेय.

तुमच्या गटातही कुणी कोपऱ्यात गप्प बसली असेल. या वेळी एसटी चुकली तरी चालेल. तिच्याजवळ बसा.