दिवा, अंतर आणि खरी नोंद



रस्त्यावरचे पुष्कळ दिवे आतां कोणीं कळ न दाबतां सायंकाळीं लागतात. त्यांचा पहारेकरी कित्येकदां वाटाण्याएवढी एक चकती असते. तिला प्रकाशावलंबी रोधक म्हणतात. तिच्यांतील कॅडमियम सल्फाइडवर उजेड पडला कीं विद्युत्कण मोकळे होतात व विजेला होणारा रोध घटतो. अंधारांत तो वाढतो. असाच गुण सेलेनियममध्यें विलोबी स्मिथ यांनीं १८७३ सालीं, समुद्रांतील तारांच्या परीक्षेचें काम चालू असतां, जगापुढें मांडला.

अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे आम्हां वृद्धांच्या तोंडच्या नगरांतील, कोणत्याही शाळेंत याचा प्रयोग करतां येईल. अंधारी खोली, एक दिवा, मोजपट्टी व रोधमापक एवढें साहित्य पुरे.

पुस्तक सांगतें, अंतर दुप्पट झालें कीं उजेड चौथाई होतो. मग रोध चौपट व्हावा, असें विद्यार्थ्यास वाटतें. परंतु प्रत्यक्षांत २० सेंटिमीटरवर १००० ओहम रोध असल्यास ४० वर तो ४००० न होतां सुमारें २८००, आणि ८० वर सुमारें ८००० असा येऊं शकतो. येथें नियम चुकलेला नाहीं आणि विद्यार्थीही चुकलेला नाहीं. उजेड खरोखरच चौथाई झाला. मात्र या पदार्थाचा रोध उजेडाच्या सरळ व्यस्त प्रमाणांत बदलत नाहीं, त्याहून कांहींसा सावकाश बदलतो. अंतर व रोध या दोहोंचे लघुगणक घेऊन आलेख काढला तर सरळ रेषा मिळते, आणि तिचा चढ त्या चकतीचा स्वभाव सांगतो.

फार दूर गेल्यावर मात्र ही रेषा वांकते, कारण खिडकीच्या फटींतला उजेड दिव्याला झांकूं लागतो. अकोले तालुक्यांत भंडारदऱ्याकडे पावसाळ्याच्या तोंडाशीं काजवे चमकतात. तेथें मोटारीचा दिवा लावला कीं ते दिसेनासे होतात, तोच हा प्रकार. म्हणून दिवा बंद ठेवून एक नोंद आधीं घ्यावी. शिवाय चकती उजेडांतून अंधारांत नेल्यावर आंकडा स्थिरावेपर्यंत थांबावें.

खरी कसोटी यापुढेंच आहे. २८०० खोडून ४००० लिहिण्याचा मोह मोठा असतो. पूर्ण गुणही कदाचित् त्यालाच मिळतील! पण खोडलेल्या त्या आंकड्याबरोबर चकतीचा स्वभावही पुसला जातो. तेव्हां पालकहो, मूल घरीं आल्यावर "उत्तर जुळलें का?" असें विचारूं नका. "तुला काय दिसलें?" असें विचारा, आणि तें सांगेल तें शांतपणें ऐकून घ्या.