समुद्राची उंची कुठून मोजायची?



उपग्रहांचे अंतर लेझरने मोजणारी मंडळी मुंबईत जमली, याचा स्वागत समितीला विशेष आनंद आहे. इथल्या अपोलो बंदरावरच्या समुद्रपातळीच्या नोंदी 1878 पर्यंत मागे जातात. एवढी जुनी नोंद जगात मोजक्याच बंदरांकडे आहे. पण भरतीमापक ज्या जमिनीवर उभा, तीच खचली तर? समुद्र चढला की किनारा खाली गेला, हे त्या एकट्या नोंदीवरून कळत नाही. त्यासाठी उंची पृथ्वीच्या केंद्रापासून मोजावी लागते, आणि त्या केंद्राचा ठाव जग आपल्या कामातून घेते.

मे 1976 मध्ये अमेरिकेने सोडलेला ‘लॅगिऑस’ उपग्रह पाहा. त्यावर कॅमेरा नाही, सौरपट्ट्या नाहीत. पितळी गाभ्याचा, चारशे किलोंचा, 60 सेंटिमीटर व्यासाचा गोळा आणि त्याच्या अंगभर बसवलेले 426 परावर्तक. विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या उपकरणांत मी त्याची गणना करतो. सुमारे 5,900 किलोमीटर उंचीवरच्या त्या गोळ्यावर जमिनीवरून लेझरचा झोत सोडला की परावर्तक तो आल्या वाटेने माघारी धाडतो. दुर्बिणीत परततात ते अगदी थोडे प्रकाशकण. त्यांच्या जाण्यायेण्याचा वेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही बारकाईने मोजला जातो आणि अंतर सेंटिमीटरच्या आत कळते. उपग्रह पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवतीच फिरतो, म्हणून कक्षा नेमकी कळली की केंद्रही सापडते. हिमयुगातल्या बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन अजूनही वर येते आहे. त्याचा परिणामही 1983 मध्ये याच गोळ्याच्या कक्षेत दिसला.

समुद्राची उंची मोजण्यासाठी 2013 मध्ये श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या भारत-फ्रान्सच्या ‘सरल’ उपग्रहावरही असे परावर्तक बसवले होते. कारण उपग्रहाच्या कक्षेतली चूक थेट समुद्राच्या उंचीत उतरते.

लेझर केंद्रांचे जाळे मात्र जगभर सारखे पसरलेले नाही. दक्षिण गोलार्धात ते फारच विरळ आहे, आणि ही उणीव भरून काढण्याचा विचार या परिषदेत अग्रक्रमाने व्हावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, भूगणिताकडे, म्हणजे पृथ्वीच्या या मोजमापशास्त्राकडे, वळणारे फार थोडे असतात. चहाच्या सुट्टीत या पाहुण्यांना गाठा, मनातले सारे विचारा. मराठीतून विचारा, आमचे स्वयंसेवक तुमचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचवतील.