रस्त्याकाठचे शिसे



नागनाथाच्या गावी येऊन मोटारींच्या धुळीवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. तो मुंबई-पुण्याचा रोग, आम्हां औंढेकरांना त्याचे काय, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु श्रावणात आणि महाशिवरात्रीला येथे ज्या गाड्यांची रांग लागते, त्या आपले ब्रेक व टायर शहरात काढून ठेवून येत नाहीत. तथापि आधी शहराकडेच पाहू. मोजमापे तेथलीच आहेत.

१९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या इंजिनियराने असे शोधून काढले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये मिसळले म्हणजे इंजिनाची ठोठो बंद होते. शिसे विषारी आहे हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते असे मात्र समजू नका. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात या संयुगावर काम करणारे पाच मजूर भ्रमिष्ट होऊन मेले. तरीही पुढे पाऊण शतक जगाने ते जाळले. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल आले, आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. सर्वांत शेवटी, २०२१ साली, अल्जीरिया थांबला.

याचा उपयोग काय झाला? जुने पेट्रोल चालू असताना, १९९७ च्या सुमारास, मुंबईत तपासलेल्या मुलांपैकी शेकडा सुमारे ६२ जणांच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे दहा मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे होते. पेट्रोल बदलल्यावर बारा वर्षांखालील ७५४ मुले तपासली, तेव्हा हे प्रमाण शेकडा ३३ निघाले. नुसत्या सरकारी हुकमाने एवढे साधले, ही लहान गोष्ट नव्हे! पण उरलेल्या तेहतिसांचे काय? रंग, जुन्या बॅटऱ्या वितळविण्याच्या भट्ट्या ही कारणे आहेतच. शिवाय जे शिसे एकदा मातीत पडले, ते कोठे जाणार? शिसे कुजत नाही, जळत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते. पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसापेक्षा मूल चार-पाच पटींनी अधिक शोषून घेते, आणि त्याची झळ बुद्धीला लागते. अमुक इतके शिसे निर्धोक, अशी मर्यादा आज वैद्यकशास्त्र सांगत नाही.

आता आपली काळी माती घ्या. ती चिकण, म्हणून धातू घट्ट धरून ठेवते. विहिरीच्या दृष्टीने हे बरेच. पण धातू वरच्या थरातच राहतो, आणि धूळ उडते ती वरच्या थराचीच. रस्त्यापासून दूर जावे तसा तो झपाट्याने कमी होतो, एवढा दिलासा आहे.

पेट्रोलमधले शिसे गेले, पण गाडी झिजायची थांबली नाही. ब्रेकच्या अस्तरातून तांबे आणि अँटिमनी, टायरच्या रबरातून जस्त, चाक तोलण्यासाठी कडेला ठोकलेल्या वजनांतून पुन्हा शिसेच. पीयूसीचे यंत्र धूर तपासते. ही झीज त्याला दिसतच नाही. विजेवरच्या गाड्यांचे ब्रेक कमी झिजतात हे खरे, पण बॅटरीचे वजन पेलणारे टायर झिजायचेच.

आणि आपण काय करतो? ज्वारी, सोयाबीन डांबरी रस्त्यावर पसरतो आणि जाणाऱ्या गाड्यांकडून मळून घेतो. औंढ्याच्या ज्वारीत शिसे निघाले असे मी म्हणत नाही. मी म्हणतो एवढेच की, ज्या जागी टायर व ब्रेक झिजतात त्याच जागी आपण धान्य घालतो, आणि मग खराट्याने धुळीसकट गोळा करतो. ज्वारी आपण पाखडतो, निवडतो. धुऊन दळण्याची चाल थोडक्याच घरांत आहे. अपघात होतात ते वेगळेच.

शेतकऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. मजूर मिळत नाही, शेतातली जागा ओली असते, आणि रस्त्यावरची मळणी फुकट पडते. तेव्हा गावाने रस्त्यापासून आत, पन्नास-शंभर पावलांवर, सिमेंटची दोन-चार सामाईक खळी बांधावीत; खर्च फार नाही, ग्रामसभेत विषय निघण्याची खोटी आहे. तोवर निदान शेवटी उरलेले मातेरे कोंबड्यांपुढे टाकू नये आणि पोरांना त्यात खेळू देऊ नये. रस्त्याच्या अगदी कडेला मेथी-पालक लावला असेल, तर तेथे झेंडू लावावा. दसऱ्याला भाव चांगला येतो.