लोखंड, लाकूड आणि बिलावरचं नाव

(नेवासा तालुक्यातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला सांगितलं, तुमच्या धंद्याविषयी बोला. भाषणाची सवय नाही, म्हणून पिशवीतून विळी आणली आहे. ही बघा. खाली लाकडाचा पाट, वर लोखंडाचं पातं. पातं डुगडुगायला लागलं की आपण काय करतो? पाचर ठोकतो, नाहीतर चिंधी कोंबतो. लाकूड वाळलं की आकसतं आणि लोखंड होतं तसंच राहतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही. माझा धंदा या एवढ्याच गोष्टीवर उभा आहे.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी टेबलं, बाकं, मांडण्या, पलंग करते. सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा, वर लाकूड. नवं सागवान परवडत नाही. आपल्याकडे जुनी माळवदाची घरं पाडतात, त्यातल्या तुळया आणि फळ्या मी विकत घेते. लाकूड चांगलं वाळलेलं असतं. मात्र खिळे एकेक शोधून काढावे लागतात, नाहीतर करवतीचे दात गेलेच म्हणून समजा.

पहिलं टेबल केलं ते भाद्रपदात, वखारीतल्या ताज्या फळ्यांचं. लोखंडी चौकटीला चारी बाजूंनी स्क्रू आवळून टाकले. वाटलं, जितकं घट्ट तितकं मजबूत. चैत्रात फळी मधोमध तडकली. गिऱ्हाईक म्हणालं, बाईचं काम! आता दोन फूट रुंदीची फळी पावसाळ्यातून उन्हाळ्यात जाताना चार-पाच मिलिमीटर सहज आकसते. लांबीत ती जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. म्हणून आता रुंदीच्या दिशेनं चौकटीला गोल भोक न पाडता लांबट भोक पाडते, स्क्रूखाली वायसर घालते. फळी आत-बाहेर सरकते, पण वर उचलत नाही. वेल्डिंग आधी पुरतं करायचं, घासायचं, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि मगच लाकूड बसवायचं. बाभूळ असेल तर जास्तच जपायचं. ओलं झालं की लोखंडापाशी काळा डाग पडतो, तो निघत नाही.

आणखी एक. बाजारातल्या लोखंडी पलंगाचे पाय खालूनच का सडतात? पाइपची तोंडं उघडी असतात, आपण रोज फरशी पुसतो, पाणी आत चढतं. पलंग करणाऱ्यानं कधी फरशी पुसलेली नसते! मी प्रत्येक पायाला रबरी बूच बसवते.

आता लोक म्हणतात, हे बाईचं काम नव्हे. बैलगाडीचं लाकडी चाक आठवा. चाक सुतारानं करायचं, लोखंडी धाव लोहारानं. धाव लालभडक तापवून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. आकसली की सगळे आरे आणि जोड आवळून धरते. लाकूड आणि लोखंड यांचा हा जुना संसार. रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं तुम्ही पाहिली आहेत. ऐरणीवर लोखंड सांडशीत धरून बसलेला असतो पुरुष आणि डोक्यावरून घण मारत असते ती बाई. कुऱ्हाड विकत घेताना मात्र आपण म्हणतो, घिसाड्यानं केली. बलुत्याच्या काळीही खळ्यावर धान्य मिळालं ते सुताराच्या आणि लोहाराच्या नावानं. भाता ओढणारीला मदतनीस म्हणायचं, बस्स.

ते अजून संपलेलं नाही. 2023 साली केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली. अठरा धंदे, प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत, कमी व्याजाचं कर्ज. यादीत सुतार वेगळा आणि लोहार वेगळा. दोन्ही करणारीनं स्वतःला काय म्हणायचं, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा मोठा. नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. कागदावर तो एक कुणीही असू शकतो. घरात कुणाचं नाव लागतं, ते तुम्हीच सांगा. मी एका कार्यालयात चौकशीला गेले तर टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं, "मालक काय करतात?" वेल्डिंगनं हाताला पडलेले डाग मी त्याच्यासमोर ठेवले. तो कागदाकडेच बघत राहिला.

पण सगळ्यात अवघड गोष्ट अजून सांगायचीच आहे. माझं पोट लग्नसराईवर चालतं. वर्षातले निम्मे पलंग रुखवताला जातात. हुंड्याविरुद्ध घोषणा देणारी मी, मुलीच्या बापाकडून पैसे मोजून घेते. 1961 च्या कायद्यानं हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे. मागणीची यादी घेऊन आलेल्यांना मी नाही म्हणते, पण मागणी आहे की हौस, हे दरवेळी ओळखता येतंच असं नाही. एवढं करते की बिल मुलीच्या नावानं फाडते. बापाच्या नाही, जावयाच्या तर नाहीच. वस्तूचं वर्णन, माप, किंमत, तारीख सगळं लिहिते. 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची लेखी यादी ठेवायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं, खाली वधूवरांच्या सह्या. कितीजणींनी केली? प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच सांगितलं की स्त्रीधन बाईचं, सासरी ठेवलं म्हणून सासरचं होत नाही, अडवून ठेवलं तर तो विश्वासघाताचा गुन्हा. पण पलंग आपलाच हे सिद्ध कशानं करणार?

माझ्या लग्नातलं कपाट अजून सासरी आहे. बिल वडिलांच्या नावानं होतं, तेही वडिलांच्या जुन्या ट्रंकेत वाळवीनं खाल्लं.

दुपारी जेवणानंतर मी इथेच थांबणार आहे. ड्रिल मशीन आणि दोन फळ्या आणल्या आहेत. ज्यांना लांबट भोक पाडून बघायचं आहे त्यांनी यावं. पदर खोचून या, आणि नायलॉनची साडी असेल तर ठिणगीपासून लांब उभ्या राहा.